चौदाच्या जागी एकेचाळीस

परिषद भवनात तिला सगळे सावधताई म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नव्हतं, पण बसलं होतं चपखल. जिना उतरणाऱ्याला ‘जपून हं’, चहाचा कप उचलणाऱ्याला ‘कडकडीत आहे’, रजेवर निघालेल्याला ‘पोचल्या पोचल्या फोन करा’ असं म्हटल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडत नसे. भवनाची गाडी चालवणारे ड्रायव्हरकाका म्हणायचे, “ताई, तुम्ही गाडीत बसलात ना, की मला ब्रेक लावावाच लागत नाही. मागे बसून तुम्हीच इतका दाबता!” तीही हसायची. हसताना पाय मात्र दाबलेलाच असायचा.

भित्रेपणा लहानपणापासूनचा. शाळेच्या सहलीत सगळ्या मुली पुढे धावायच्या आणि ही मागे वळून परतीची वाट पाठ करत बसायची. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, केस पिकू लागले, भीती मात्र होती तिथेच ठाण मांडून राहिली. नवरा भूमितीचा मास्तर. तो म्हणायचा, “अगं, दोन बिंदूंच्या मध्ये सरळ रेषा असते. तुझ्या डोक्यात मात्र तिथे एक अपघात असतो.”

पण याच भित्रेपणावर तिची नोकरी उभी होती. राजधानीत वर्षाकाठी सातआठ आंतरराष्ट्रीय परिषदा व्हायच्या आणि त्यांना येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी एक माहितीपुस्तिका काढावी लागायची. ती लिहायची सावधताई. विमानतळाच्या कोणत्या दाराने बाहेर पडायचं, टॅक्सीत मीटर कुठे असतो, नळाचं पाणी प्यायचं की नाही, भिंतीतल्या सॉकेटची भोकं गोल की चपटी, रस्ता ओलांडताना आधी कुठल्या बाजूला बघायचं, रात्री ताप चढला तर कोणता दवाखाना उघडा असतो. तिने स्वतः कधी देशाची हद्द ओलांडली नव्हती. पाहुण्यांची भाषा तिला लिहिता-वाचता उत्तम यायची, बोलताना मात्र जीभ अडखळायची. पुस्तिका लिहायला बसली की ती डोळे मिटायची आणि मनाशी म्हणायची, ‘मी आत्ता विमानातून उतरले आहे. मला इथलं कोणी ओळखत नाही, भाषा कळत नाही, हातात जड बॅग आहे. मला आता कशाची भीती वाटेल?’ मग एकामागून एक भीती रांगेत येऊन उभी राहायची, आणि ती प्रत्येकीसाठी एकेक ओळ लिहायची.

त्या ओळी वाचून पाहुण्यांना धीर यायचा. कितीतरी जण जाताना तिच्या टेबलाशी थांबून तसं सांगून जात. पहिली काही वर्षं तर ती प्रत्येक रस्ता स्वतः चालून बघायची. पुढे काम वाढलं, गुडघे कुरकुरायला लागले, आणि जुन्याच पुस्तिकेत फोनवर विचारून इकडचं तिकडे करण्यावर भागू लागलं.

त्या वर्षी शहरांच्या पिण्याच्या पाण्यावर मोठी परिषद होती. चारशे पाहुणे यायचे होते. त्यातल्या एका बाईंचं पत्र महिनाभर आधी आलं. त्या विहिरींच्या खारेपणाचा अभ्यास करणाऱ्या, साठी उलटलेल्या. त्यांनी लिहिलं होतं : ‘मला अजिबात ऐकू येत नाही. ओठ वाचता येतात, पण फक्त माझ्या भाषेतले. त्यामुळे तुमच्या देशात मी सर्वस्वी लिखित माहितीवर अवलंबून असेन. जे काही सांगायचं ते कृपया लिहून द्या.’

सावधताईने ते पत्र दोनदा वाचलं. या बाई आणि आपली पुस्तिका जणू एकमेकींसाठीच आहेत असं तिला वाटलं. उत्तरात तिने लिहिलं : ‘पुस्तिकेवर पूर्ण विश्वास ठेवा. तिच्यात लिहिलंय तसंच करा, तुम्हाला कोणालाही काही विचारावं लागणार नाही.’

पुस्तिकेचं शेवटचं प्रूफ तिच्या हातात आलं त्याच दिवशी तिची लेक शिकायला परदेशी निघाली. पहाटे तिला विमानतळावर सोडून सावधताई थेट कामावर आली. प्रूफ उद्या सकाळी छापखान्यात जायचं होतं. समोर कागद, शेजारी मोबाइल. लेकीचं विमान मध्ये एका शहरात उतरून पुढे जायचं होतं, आणि तिथून पोचल्याचा निरोप यायला हवा होता तो येत नव्हता. एक ओळ वाचायची, मोबाइल उचलायचा, ठेवायचा, पुन्हा ओळ वाचायची. संध्याकाळी कधीतरी निरोप आला, ‘आई, पोचले गं, चार्जर बॅगेत राहिला होता.’ तिने दोन मिनिटं डोळे पुसले, प्रूफाच्या शेवटच्या पानावर सही केली आणि घरी गेली.

परिषदेच्या आदल्या दिवशी दुपारी भवनाच्या दालनात नोंदणीची झुंबड उडाली होती. त्या बाईंना दोन वाजता बोलावलं होतं. त्यांच्यासाठी व्यासपीठासमोर एक पडदा लावला होता, बोललेलं सगळं त्यावर अक्षरांत उमटणार होतं. तो नीट दिसतो की नाही ते तपासायचं होतं. दोन वाजले, त्या आल्या नाहीत. सावधताईने दाराकडे चारदा बघितलं. एवढ्यात एक उंच, दाढीवाले पाहुणे घामाघूम होऊन टेबलापाशी आले आणि त्यांनी पुस्तिका तिच्यासमोर आपटली. अकराव्या पानावर त्यांचं बोट होतं.

“ही बस इकडे येत नाही,” ते तुटक शब्दांत म्हणाले. “कंडक्टर ओरडला, म्हणून मी उतरलो. मग टॅक्सी केली.”

सावधताईने पान वाचलं. ‘हॉटेलांच्या रस्त्यावरच्या थांब्यावरून ४१ नंबरची बस घ्या.’

भवनाकडे येणारी बस १४ नंबरची होती.

आधी तिला काही कळलंच नाही. मग तिने दोन्ही आकडे बोटाने एकेक करून वाचले. चार-एक. एक-चार. त्या थांब्यावर दोन्ही बस थांबायच्या. चौदा गावात शिरायची आणि एकेचाळीस गावाबाहेर टेकड्यांकडे जायची. दाढीवाल्यांना कंडक्टरचं ओरडणं ऐकू आलं होतं म्हणून ते उतरले. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचं काय?

तिने हॉटेलला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, “त्या बाई? सव्वा वाजताच निघाल्या की. हातात तुमची पुस्तिका होती. आम्ही टॅक्सी बोलावू का असं लिहून विचारलं, तर हसून मान हलवली आणि पुस्तिकेवर टिचकी मारली.”

त्यांच्याकडे इथलं सिमकार्ड नव्हतं. ते नोंदणीच्या टेबलावर मिळेल, असं सावधताईनेच सहाव्या पानावर लिहिलं होतं. तरी तिने त्यांच्या पत्त्यावर मेल टाकला. बस डेपोचा फोन वाजत राहिला, उचलला कोणी नाही.

भवनातले फोन जोडून देणारी फोनवाली तिची जुनी मैत्रीण. सावधताई तिच्या खिडकीशी गेली तेव्हा सावधताईच्या चेहऱ्याचा रंग बघून फोनवाली उभीच राहिली. “काय गं? लेक बरी आहे ना?”

“लेक बरी आहे. माझ्या हातून मोठी चूक झालीय. सगळ्या हॉटेलांना फोन कर. एकूण एक. सांग, बस चौदा आहे, एकेचाळीस नाही. कोणीही बाहेर पडायच्या आत सांग. आणि काकांना गाडी काढायला सांग.”

“साहेबांना विचारलंस?”

“आल्यावर विचारते,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं.

गाडी सुटली तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. काकांनी एकदा आरशातून मागे बघितलं आणि त्या दिवशी ब्रेकची थट्टा केली नाही. एकेचाळीसच्या वाटेने, प्रत्येक थांब्यावर वेग कमी करत ते निघाले. सावधताई काचेला नाक लावून बघत होती. औषधाचं दुकान, शाळेचं मैदान, लाकडाची वखार. कुठेच कोणी नाही. गाव संपलं, इमारती विरळ झाल्या, रस्त्याच्या कडेची झाडं पांढुरकी दिसू लागली.

“धूळ आहे,” काका म्हणाले. “इकडे दगडाच्या खाणी आहेत.”

तिने मांडीवर पुस्तिका उघडली. पुढे काय लिहिलंय ते तिला तोंडपाठ होतं, तरी वाचलं. ‘शेवटच्या थांब्यावर उतरा. बस ज्या दिशेला चालली होती त्याच दिशेला सरळ पुढे चालत राहा. रस्ता निर्मनुष्य वाटला तरी घाबरू नका, तोच बरोबर आहे. सात-आठ मिनिटांवर लोखंडी फाटक लागेल. ते बंद असतं. शेजारच्या लहान दारातून आत या.’

भवनाच्या मागचा रस्ता खरंच सामसूम होता, आणि बंद फाटक बघून पाहुणे गोंधळायचे. म्हणून किती विचार करून तिने या ओळी घातल्या होत्या! आता त्याच वाचताना तिच्या अंगावर सरसरून काटा आला. ‘घाबरू नका.’ ज्या बाईने घाबरून मागे फिरायला हवं होतं तिला आपण सांगितलं होतं, घाबरू नका, पुढे जा.

एकेचाळीसचा शेवटचा थांबा म्हणजे पत्र्याचं एक छप्पर आणि त्याखाली पंक्चर काढणारा एक माणूस. टबातल्या पाण्यात ट्यूब बुडवून तो बुडबुडे बघत होता. सावधताईने काच खाली केली.

“दादा, एक परदेशी बाई उतरल्या का इथे? वयस्कर, बॅग असेल हातात.”

“उतरल्या की. अर्धा तास झाला असेल. चाकाची बॅग ओढत सरळ गेल्या,” त्याने ओल्या हाताने समोर दाखवलं. “मी म्हटलं, ओ बाई, तिकडे काही नाही. तीनदा हाक मारली. वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हटलं, असेल घमेंड.”

समोरचा रस्ता शंभर पावलांवर दोन लोखंडी खांबांनी अडवला होता. गाडी पुढे जाणं शक्य नव्हतं. काकांचा एक पाय जुन्या अपघाताने अधू, त्यांना चढण चालवत नसे.

“ताई, ट्रकचा रस्ता टेकडीला वळसा घालून जातो. मी तिकडून येतो. तुम्ही इथेच थांबा.”

“मी सरळ जाते,” ती म्हणाली. “त्या सरळ गेल्यात.”

खांबांमधून ती पलीकडे गेली आणि गाडीचा आवाज मागे विरून गेला. मग आवाज म्हणून उरला तो फक्त तिच्या चपलांचा. दोन्ही बाजूंना पाडून ठेवलेली कामगारांची घरं, दारं-खिडक्या काढून नेलेली. एका घराच्या उंबऱ्यावर कुत्रं बसलं होतं. ते भुंकलं नाही, नुसतं बघत राहिलं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. मोबाइल काढून बघितला, रेंजची एकही रेघ नव्हती. तिच्या मनाने नेहमीचा खेळ सुरू केला होता. बाई पडल्या असतील, पाय मोडला असेल, कोणी अडवलं असेल, बॅग ओढून घेतली असेल. एरवी अशा वेळी ती स्वतःला समजवायची की हे सगळं आपल्या डोक्यातलं आहे. आज समजवायला जागाच नव्हती.

रस्त्यावर पिठासारखी पांढरी धूळ साचली होती, आणि त्या धुळीत दोन बारीक समांतर रेघा उमटल्या होत्या. बॅगेच्या चाकांच्या. रेघा कुठे थांबल्या नव्हत्या, कुठे वळल्या नव्हत्या. सात मिनिटांवर लोखंडी फाटक लागलं. गंजलेलं, साखळीने बंद. शेजारी एक लहान दार, त्याची कडी तुटलेली. रेघा त्या दारातून आत गेल्या होत्या.

फाटकावर पत्र्याची पाटी होती. धुळीने अर्धी झाकलेली. सावधताईने हाताने ती पुसली. ‘धोका. सुरुंगाची वेळ रोज दुपारी तीन. पहिला भोंगा वाजताच खाणीबाहेर पडावे. तिसऱ्या भोंग्यानंतर सुरुंग उडेल.’

पाटी फक्त इथल्या भाषेत होती.

तिने घड्याळात बघितलं, पावणेतीनला एक मिनिट कमी होतं. आणि ती बघत असतानाच आतून भोंगा झाला. लांबलचक, खालून वर चढत जाणारा. त्या आवाजाने टेकडीवरचे पक्षी एकदम उडाले.

ती दाराची चौकट धरून उभी राहिली. मागे वळून पळावं, काकांना गाठावं, पंक्चरवाल्याला गाठावं, कोणालातरी सांगावं की हे माझ्याच्याने होणार नाही. सगळं शरीर तेच म्हणत होतं. पण थांब्यापर्यंत सात मिनिटं, आणि तिथून पुढे कोण कुठे जाणार? तिने पदर खोचला आणि लहान दारातून आत पाऊल टाकलं.

आत टेकडी अर्धी कापलेली होती. उभा कडा, त्याच्या माथ्यावर लाल निशाण, आणि खाली खोल खड्डा, त्यात पाण्याचं हिरवं डबकं. माणूस एक नाही. यंत्रं उभी, ट्रक उभे, सगळे जण सुरुंगाच्या वेळेआधी पलीकडे निघून गेलेले. जमीन इथे खडकाळ होती, धूळ नव्हती, चाकांच्या रेघा पुसल्या गेल्या होत्या.

“बाई! ओ बाई!” ती ओरडली. आवाज कड्यावर आपटून परत आला. मग तिच्या लक्षात आलं, आपण कोणाला हाका मारतोय! ज्या बाईला भोंगा ऐकू आला नाही तिला आपला आवाज कुठून ऐकू येणार? इथे घसा फाटेपर्यंत ओरडलं तरी काही उपयोग नाही. शोधत बसलो तर दगडाच्या प्रत्येक ढिगामागे बघावं लागेल, आणि तेवढा वेळ नाही.

ती मधोमध उभी राहिली आणि तिने डोळे मिटले. भोंगा वाजला तेव्हा आवाज कुठून आला? डाव्या हाताने, वरून. भोंगा आहे तिथे तो वाजवणारा माणूस असणार. बाईंना शोधण्यात अर्थ नाही. त्या माणसाला गाठायचं.

ती डावीकडच्या चढावर धावली. धावली म्हणायचं, खरं तर ठेचकाळत, हात टेकत, एक चप्पल मागे टाकून वर चढली. कड्याच्या पोटाशी ठरावीक अंतरावर भोकं पाडलेली दिसली, त्यांतून पिवळ्या वायरी बाहेर आल्या होत्या आणि तिच्या पायाशेजारून पुढे गेल्या होत्या. ती त्या वायरींच्या बाजूनेच पळत होती. हे तिला कळलं, आणि आपण आत्ता रडतो आहोत हेही कळलं. दुसरा भोंगा झाला तेव्हा तो इतका जवळ होता की तिचे दात हलले.

चढाच्या टोकाला सिमेंटची एक खोली होती, खिडकीऐवजी चीर असलेली. आत एक जाडजूड मुकादम कानाला वॉकीटॉकी लावून उभा होता. चिरेतून ही बाई दिसताच त्याचा जबडाच खाली आला.

“ए! ए बाई! मरायचंय का? आत कशा आलात?”

“थांबवा!” तिचा श्वास पुरत नव्हता. “खाली अजून एक बाई आहे.”

“कोण बाई? भोंगा दोनदा दिलाय. सगळे बाहेर आहेत.”

“तिला ऐकू येत नाही हो! बहिरी आहे ती! परदेशी आहे, तिला पाटी वाचता येत नाही, मागच्या फाटकातून आत आलीय. मीच पाठवलंय तिला!”

मुकादमाला शेवटचं वाक्य कळलं नसणार, पण आधीचं कळलं. तो वॉकीटॉकीत ओरडला, “थांब! हात काढ बटणावरून! खाली माणूस आहे!”

पलीकडून नुसती खरखर आली.

“अरे ऐकतोस का? हात काढ!”

खरखर. सावधताई भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. तिने कान दोन्ही हातांनी दाबून धरले होते. ते काही क्षण किती होते ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. मग यंत्रातून एक कंटाळलेला आवाज आला, “काढला हात. चावीपण काढली. कोण माणूस?”

मुकादमाने कपाळावरचा घाम पुसला. “त्या फाटकातून वर्षानुवर्षं कोणी येत नाही हो,” तो पुटपुटला. “कोणीसुद्धा येत नाही.”

बाई सापडायला आणखी दहा मिनिटं लागली. कापलेल्या दगडांच्या एका उंच थप्पीच्या सावलीत त्या बसल्या होत्या, बॅगेवर, गुडघे जुळवून. मुकादमाने तिथून कड्यातल्या पहिल्या भोकापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं आणि पुन्हा कपाळ पुसलं. बाईंना मागून कोणी आलेलं कळलं नाही. सावधताई समोर जाऊन उभी राहिली तेव्हा त्या एवढ्या दचकल्या की हातातली छोटी वही खाली पडली. सावधताईने ती उचलली. उघड्या पानावर त्यांनी लिहून ठेवलं होतं, कोणी भेटलं तर दाखवायला : ‘मला वाटतं मी चुकले आहे. रस्त्यात दोनदा परत फिरावंसं वाटलं. पण पुस्तिकेत लिहिलं होतं की रस्ता निर्मनुष्य असला तरी तोच बरोबर आहे, म्हणून मी चालत राहिले. कृपया मला मदत करा.’

सावधताईने त्याच पानाखाली लिहिलं. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की दुसऱ्यांदा लिहावं लागलं. ‘चूक तुमची नाही. पुस्तिका मी लिहिली आहे. बसचा नंबर मी चुकवला.’

बाईंनी वाचलं. तिच्या एका अनवाणी पायाकडे बघितलं, रक्ताळलेल्या तळव्याकडे बघितलं. मग उठताना तिच्या खांद्याचा आधार घेतला.

काका ट्रकच्या रस्त्याने येऊन पोचले होते. गाडीत बसल्यावर बाईंनी वही पुढे केली : ‘ते लाल निशाण कशासाठी होतं? तो माणूस इतका का घाबरला होता?’

काकांनी आरशातून सावधताईला खूण केली. “सांगू नका, ताई. झालं ते झालं. उगाच झोप उडेल त्यांची.”

सावधताईलाही तेच वाटत होतं. सांगितलं नाही तर कोणालाच काही कळणार नव्हतं. पण ‘जे काही सांगायचं ते लिहून द्या’ असं या बाईने लिहिलं होतं, आणि ‘पूर्ण विश्वास ठेवा’ असं आपण लिहिलं होतं. तिने सगळं लिहिलं. तीनची वेळ, तीन भोंगे, वायरी. बाईंचा चेहरा वाचता वाचता पांढराफटक पडला. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं ते हॉटेल येईपर्यंत. सावधताई शेजारी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. एखादी कानाखाली बसली असती तरी बरं वाटलं असतं तिला.

संध्याकाळी संचालकसाहेबांनी तिला बोलावलं. हॉटेलांमधल्या पुस्तिका तोवर फोनवालीने परत मागवून घेतल्या होत्या. दुसरं कोणी त्या बसने शेवटपर्यंत गेलं नव्हतं.

“छपाईची चूक असं कळवू सगळ्यांना,” साहेब म्हणाले. “तुम्ही शांत राहा. खाणीचं कुठे बोलू नका.”

“छापखान्याची चूक नाही, साहेब. प्रूफावर माझी सही आहे. प्रूफात पण एकेचाळीसच आहे, मी बघितलं.”

“ते मला कळतंय. मी तुम्हालाच वाचवतोय ना?”

“आणि छापखान्यातल्या माणसाचं काय?” ती म्हणाली. “त्याच्यावर कशाला?”

तिने लिहून दिलं. साहेब नाराज झाले, तो कागद तिच्या फाइलला लागला, आणि पुस्तिकेचं काम तिच्याकडून काढून घेतलं गेलं. तिला वाईट वाटलं नाही. उलट सुटल्यासारखं झालं. ती खालच्या मजल्यावर जुनी कागदपत्रं लावायला बसली. घरी नवऱ्याने काही दिवस भूमितीचे विनोद बंद ठेवले. ती दुपारी तीन वाजता हातातलं काम थांबवून नुसती बसते, हे फोनवालीच्या लक्षात आलं होतं. ती त्या वेळेला काहीतरी निमित्त काढून खाली यायची आणि शेजारी बसायची.

परिषदेच्या तीन दिवसांत बाईंनी आपलं भाषण केलं, पडदा वाचला, प्रश्नांना उत्तरं दिली. सावधताई रोज सकाळी त्यांना हॉटेलवरून आणायची आणि संध्याकाळी सोडायची. तसं करा असं त्यांनीच साहेबांना लिहून सांगितलं होतं. दोघी बसमध्ये शेजारी बसायच्या. वही मधे उघडी असायची, पण तिच्यात फारसं काही लिहिलं जात नसे. निघताना बाईंनी हात जोडले नाहीत, मिठी मारली नाही. नुसतं मान झुकवून त्या विमानतळाच्या दारातून आत गेल्या. त्यांनी आपल्याला माफ केलं की नाही, हे सावधताईला कळलं नाही.

दोन महिन्यांनी एक जाड पाकीट आलं. आत तीच पुस्तिका होती, पाना-पानावर पेन्सिलीच्या खुणा. ‘विमानतळावर घोषणा होईल त्या दाराने बाहेर या’ या ओळीसमोर बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘मला ती कशी कळणार?’ ‘हॉटेलच्या दारावर थाप पडली की’ : ‘मला ती कशी कळणार?’ ‘आग लागल्यास घंटा वाजेल.’ पुन्हा तेच. एकंदर नऊ जागा. बसच्या नंबराखाली मात्र एकही खूण नव्हती. शेवटच्या पानावर एवढंच : ‘पुढच्या वेळी माझ्यासारखं कोणी आलं तर त्यांना उपयोग होईल. हे तुम्हीच लिहावं असं मला वाटतं. तुम्हाला भीती कळते.’

सावधताईने ते पाकीट आठवडाभर पर्समध्ये नेलं-आणलं. मग ती साहेबांच्या खोलीत गेली आणि पुस्तिका परत मागितली. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. नव्या माणसाने केलेली पुस्तिका देखणी होती, पण पाहुणे पुन्हा पुन्हा फोन करून सगळं विचारत होते. “प्रूफ एकटीने वाचायचं नाही,” साहेब म्हणाले.

“मलाही एकटीने वाचायचंच नाही,” ती म्हणाली. तेव्हापासून प्रत्येक आकडा फोनवाली मोठ्याने वाचते आणि ही दुसऱ्या कागदावर बोट ठेवून ऐकते.

नवं लिहायला बसण्याआधी मात्र ती एका सकाळी कानांत घट्ट कापसाचे बोळे घालून विमानतळापासून भवनापर्यंतची पाहुण्यांची वाट धरायला घरून निघाली. नवऱ्याने “मी येतो सोबत” म्हटलं, तर म्हणाली, “तू असलास तर मला भीती नाही वाटणार. मग उपयोग काय?” तो दारात उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

कान बंद असले की शहर किती वेगळं असतं! माणसांचे ओठ हलतात, बस अचानक अंगावर येते, मागे कोण आहे ते कळत नाही. तिने दर चार पावलांना मागे वळून बघितलं. छाती धडधडत होती. ती धडधड मात्र तिला स्पष्ट ऐकू येत होती. चौदा नंबरच्या बसमध्ये ती दाराजवळ उभी राहिली आणि थांबे बोटांवर मोजत गेली. कंडक्टर काहीतरी म्हणाला ते कळलं नाही, तो वैतागला, तिने नुसतं तिकीट दाखवलं. शेवटच्या थांब्यावर उतरून भवनाच्या मागच्या रस्त्याला लागली आणि जेमतेम दहा पावलं चालली असेल, तोच एक सायकल तिच्या बाहीला घासून पुढे गेली. स्वार मागे बघून ओरडत होता. बहुधा किती वेळ घंटी वाजवत होता.

सावधताई कुंपणाला पाठ लावून उभी राहिली. श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग तिने वही काढली आणि लिहिलं : ‘या रस्त्यावर सायकली मागून येतात. कुंपणाच्या बाजूने चाला.’